आजोबांची गोळी आणि बाविसावं गुणसूत्र

औषधाच्या बाबतीत आपल्याकडे दोन शब्दप्रयोग हमखास ऐकू येतात. औषध 'लागू पडणं' आणि औषध 'सोसणं'. "त्याला त्या गोळीनं गुण आला, मला काही ती सोसत नाही," असं आपल्या घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच. आपण ऐकतो आणि सोडून देतो. मीही सोडून देत होते. पण थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधताना समजलं, की या साध्या वाक्यामागे एक अख्खं शास्त्र आहे. त्याला फार्माकोजेनॉमिक्स म्हणतात. माणसाच्या जनुकांमुळे एकच औषध दोघांवर वेगवेगळं का वागतं, याचा हा अभ्यास.

या शास्त्राचा एक भाग डॉक्टरांपेक्षा आपल्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांच्या कामाचा आहे. डीएनए वाचणारं मशीन जो डेटा देतं, त्यातून "या माणसाकडे औषधाच्या जनुकाचे नेमके कोणते प्रकार आहेत?" हे प्रोग्रॅमने शोधून काढायचं. वाचून सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. म्हणूनच हा लेख. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे बरेच शब्द इंग्रजीच राहिले आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

एकच गोळी, दोन भाऊ

आमचं गाव श्रीपूर, तालुका माळशिरस, जिल्हा सोलापूर. सगळा उसाचा मुलूख. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना, दोघांनाही ब्लडप्रेशर. दोघांनाही मेटोप्रोलॉल नावाची गोळी सुरू होती, दोघांचाही डोस ५० मिलिग्रॅम. नाना ती गोळी चहाबरोबर घेऊन रानात जायचे. त्यांना कधी काही झालं नाही. आबांना मात्र आठवड्याभरात गळून गेल्यासारखं वाटायला लागलं, आणि एका सकाळी ते गोठ्याजवळ चक्कर येऊन बसले. नाडी मोजली तर मिनिटाला ४२. अकलूजला नेलं, डॉक्टरांनी डोस कमी केला, नंतर गोळीच बदलली आणि आबा सुधारले.

सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आबा म्हणाले, "पोरी, तू एवढं कॉम्प्युटरचं शिकतीस. गोळी तीच, डोस तेवढाच, रक्त बी एकच. मग मलाच का न्हाई सोसली?"

"बघून सांगते आबा," मी म्हणाले. कॉलेजात परत आले आणि वाचायला लागले. वाचता वाचता मिनी प्रोजेक्टचा विषयच बदलला.

यकृतातला कारखाना

आपण घेतलेली बरीच औषधं यकृतात मोडली जातात. हे काम करणाऱ्या एन्झाइम्सचं एक मोठं कुटुंब आहे, सायटोक्रोम पी-४५०. त्यातल्या एकाचं नाव सीवायपी२डी६. पुढे मी त्याला नुसतं 'डी-सहा' म्हणेन. नेहमी वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी साधारण २० ते २५ टक्के औषधं मोडण्यात याचा हात असतो. मेटोप्रोलॉल त्यातलंच. हे एन्झाइम कमी असेल तर गोळी शरीरात साठत राहते आणि नेहमीचाच डोस जास्त होतो.

काही औषधांचं उलटं असतं. कोडीन हे वेदना कमी करणारं औषध मुळात कमजोर असतं. डी-सहा त्याचं मॉर्फिन बनवतं आणि मग गुण येतो. ज्याच्याकडे डी-सहा नाही त्याचं दुखणं थांबत नाही. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे त्याच्या शरीरात मॉर्फिन भराभर तयार होतं आणि श्वास मंदावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं बजावलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

या एन्झाइमचा शोध कसा लागला, तो किस्सा वाचून मला आबाच आठवले. १९७५ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञांनी डेब्रिसोक्विन हे ब्लडप्रेशरचं औषध स्वतः घेऊन पाहिलं. सोबत सहकाऱ्यांनीही घेतलं. सहकाऱ्यांना विशेष काही झालं नाही. स्मिथ यांचं प्रेशर मात्र एवढं उतरलं की त्यांना उभं राहता येईना. या फरकावर त्यांच्या गटाने अभ्यास करून १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये शोधनिबंध छापला. काही लोकांना जन्मतःच हे औषध नीट मोडता येत नाही आणि ते आनुवंशिक आहे, असं त्यात दाखवलं होतं. त्यामागचं जनुक १९८८ साली सापडलं. ते बाविसाव्या गुणसूत्रावर आहे.

आपल्या महाराष्ट्रातही यावर काम झालं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाने पश्चिम भारतातल्या निरोगी लोकांचा असा अभ्यास करून २०१४ साली तो प्रसिद्ध केला. त्यासाठी खोकल्याच्या औषधात असतं ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन वापरलं. औषध द्यायचं, आणि मूळ औषध किती उरलं व त्यापासून बनलेला पदार्थ किती तयार झाला याचं प्रमाण मोजायचं. डी-सहा मंद असलेले लोक शंभरात मोजकेच निघतात. पण महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटींच्या वर. टक्का छोटा असला तरी माणसं लाखांनी होतात.

स्टार म्हणजे काय?

प्रत्येकाला जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. डी-सहा जनुक साधारण ४,४०० अक्षरांचं आहे. ए, सी, जी, टी ही चारच अक्षरं. त्यातली काही अक्षरं माणसागणिक बदलतात. एका प्रतीवरच्या बदलांच्या ठरावीक संचाला एक नंबर दिलेला असतो आणि त्याच्यापुढे तारा काढतात. म्हणून त्यांना स्टार-अलील म्हणतात. डी-सहाचे असे दीडशेहून जास्त स्टार नोंदले गेले आहेत. फार्मव्हार नावाचा आंतरराष्ट्रीय डेटाबेस त्यांची यादी ठेवतो.

स्टार-१ म्हणजे नेहमीसारखं काम करणारी प्रत, तिला १ गुण. स्टार-४ मध्ये एका अक्षराच्या बदलाने एन्झाइम बनतच नाही, तिला ०. स्टार-१० अर्धवट काम करते, तिला ०.२५. स्टार-५ म्हणजे जनुकच गायब, अर्थात ०. दोन्ही प्रतींचे गुण मिळवायचे. बेरीज ० आली तर माणूस 'पुअर मेटाबोलायझर', म्हणजे औषध अगदी हळू मोडणारा. ० च्या वर पण १.२५ च्या खाली असेल तर मधला, १.२५ ते २.२५ नॉर्मल, आणि त्याच्या वर अतिवेगवान. आपल्या मार्कशीटसारखंच आहे, फक्त इथे डिस्टिंक्शन मिळालं तरी त्रासच.

२.२५ च्या वर गुण कसे जातील, प्रती तर दोनच ना? इथेच गंमत आहे. या जनुकाच्या प्रती दोनच असतील असं नाही. कुणाकडे एक, कुणाकडे तीन. १९९३ साली शास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या एका कुटुंबाची नोंद केली, त्यात वडील आणि दोन मुलांकडे या जनुकाच्या १२ प्रती ओळीने होत्या!

वाचणं सोपं, मोजणं अवघड

आता आपल्या कामाकडे येऊ. आज जास्त वापरात असलेलं सिक्वेन्सिंग मशीन आपल्या ३०० कोटी अक्षरांचा डीएनए सलग वाचत नाही. ते त्याचे छोटे तुकडे करून साधारण १५० अक्षरांचे कोट्यवधी 'रीड' देतं. मग प्रोग्रॅम प्रत्येक रीड घेऊन तो संदर्भ जीनोममध्ये कुठे बसतो ते शोधतो. प्रत्येक जागेवर सरासरी ३० रीड येतील एवढं वाचन केलं तर त्याला '३० एक्स' म्हणतात.

बहुतेक जनुकांसाठी एवढं पुरतं. पण डी-सहाच्या शेजारी त्याचा एक भाऊ राहतो, सीवायपी२डी७. त्याला 'डी-सात' म्हणू. हे स्यूडोजीन आहे, म्हणजे दिसायला जनुक पण काम करत नाही. दोघांची अक्षरं ९० टक्क्यांहून जास्त सारखी, काही भागांत तर जवळजवळ तंतोतंत. १५० अक्षरांचा एक तुकडा हातात आला, तर तो डी-सहाचा की डी-सातचा? कित्येकदा प्रोग्रॅमला सांगता येत नाही.

हे मला आमच्या गावच्या उदाहरणाने समजलं. समजा दोन भावांची रानं शेजारी-शेजारी आहेत. दोघांचा ऊस एकाच जातीचा, को ८६०३२. तोड एकाच दिवशी झाली आणि मोळ्या एकाच ट्रॅक्टरमध्ये भरल्या. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी उभी राहिली. आता एक मोळी उचलून "ही थोरल्याची की धाकट्याची?" विचारलं तर कोण सांगणार? पण दोन गोष्टी करता येतात. एक, दोघांचं मिळून एकूण वजन नक्की कळतं. एकरी ५० टन धरले आणि काट्यावर २०० टन भरले, तर तोडलेलं रान चार एकर. दोन, समजा थोरल्याच्या रानात लाल माती आहे आणि धाकट्याच्या रानात काळी. ज्या मोळ्यांच्या बुडख्याला माती चिकटलेली आहे तेवढ्याच बघायच्या. त्यात लाल आणि काळीचं प्रमाण काय, यावरून चार एकरांतले कुणाचे किती ते काढता येतं.

इलुमिना कंपनीच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला सायरियस हा प्रोग्रॅम साधारण असंच करतो. आधी डी-सहा आणि डी-सातच्या मिळून किती प्रती ते मोजतो. नेहमीच्या माणसात दोन अधिक दोन, चार. मग दोघांमध्ये खात्रीने वेगळी असणारी अक्षरं निवडून त्या जागांवरून डी-सहाचा वाटा ठरवतो.

भानगड इथे संपत नाही. दोन्ही भाऊ इतके सारखे, की पिढ्यानपिढ्या डीएनएची अदलाबदल होताना कधीकधी अर्धं डी-सहा आणि अर्धं डी-सात असं जोडजनुक तयार होतं. त्याला हायब्रिड म्हणतात. स्टार-६८ हे असंच आहे, सुरुवात डी-सहाची आणि पुढचा भाग डी-सातचा. म्हणजे बांधावरच दोन रानं एकमेकांत घुसलेली!

गणिताची पाळी

आता एक छोटं उदाहरण करू, वही-पेन घ्या. समजा एका प्रतीमागे १५ रीड अपेक्षित आहेत. स्टार-४ च्या जागेवर एका माणसाचे डी-सहाचे ४३ रीड आले. त्यातल्या २८ रीडमध्ये स्टार-४ चं बदललेलं अक्षर आहे, उरलेल्या १५ मध्ये नेहमीचं. या माणसाकडे काय आहे?

साधा प्रोग्रॅम म्हणेल, "दोन्ही अक्षरं दिसतात, म्हणजे एक प्रत स्टार-१, एक स्टार-४. गुण १." पण दोन प्रतींचे रीड ३० यायला हवेत, आले ४३. कुठेतरी १३ जास्त आहेत. म्हणून एकूण प्रती 'के' आणि त्यातल्या स्टार-४ च्या प्रती 'एम' धरा. आपल्याला ४३ आणि १५-के यांतला फरक, अधिक २८ आणि १५-एम यांतला फरक, ही बेरीज कमीत कमी करायची आहे.

के दोन, एम एक धरलं तर चूक १३ अधिक १३, म्हणजे २६.
के दोन, एम दोन धरलं तर १३ अधिक २, म्हणजे १५.
के तीन, एम एक धरलं तर २ अधिक १३, म्हणजे १५.
के तीन, एम दोन धरलं तर २ अधिक २, म्हणजे फक्त ४.

उत्तर तीन प्रती, त्यात दोन स्टार-४ आणि एक स्टार-१. गुण १, म्हणजे मधला. तुम्ही म्हणाल, साध्या प्रोग्रॅमनेही गुण १ च दिला होता! बरोबर, पण तो योगायोग. आता तेच ४३ रीड ठेवा, फक्त बदललेलं अक्षर २८ ऐवजी १५ रीडमध्ये दिसलं असं धरा. साधा प्रोग्रॅम अजूनही म्हणेल गुण १, मधला. हिशेब मात्र सांगेल तीन प्रती, त्यात दोन स्टार-१ आणि एक स्टार-४, म्हणजे गुण २, नॉर्मल. अक्षरं तीच दिसली. ती किती वेळा दिसली यावर माणसाचा गट बदलला.

ओळखीचं वाटतंय ना? ऑपरेशन्स रिसर्चच्या पेपरला आपण हेच करतो. फक्त के आणि एम पूर्णांकच हवेत, कारण अडीच प्रती कुणाकडे नसतात. म्हणून हे इंटिजर लिनिअर प्रोग्रॅमिंग. इब्राहिम नुमानागिच आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये मांडलेला ऑल्डी हा प्रोग्रॅम याच पायावर उभा आहे. तो तीन टप्प्यांत काम करतो. पहिल्या टप्प्यात प्रती किती आणि त्यात हायब्रिड आहेत का ते ठरवतो. दुसऱ्यात, एन्झाइमच्या कामावर परिणाम करणारे बदल बघून मुख्य स्टार ठरवतो. तिसऱ्यात बाकीचे बारीक बदल कोणत्या प्रतीचे ते बसवतो. प्रत्येक टप्प्यात अट एकच, यादीतले स्टार असे निवडा की हातातल्या सगळ्या रीडचा हिशेब कमीत कमी चुकीत जुळावा. परीक्षेपुरतं पाठ केलेलं गणित कुणाच्या तरी औषधाच्या डोसापर्यंत पोचतं, हे बघून मला खरंच बरं वाटलं.

अर्धवट तपासणीचा धोका

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण ते चटकन लक्षात येत नाही. स्टार-१० ची ओळख ज्या अक्षरबदलाने होते, तोच बदल बहुतेक स्टार-४ प्रतींवरही असतो. स्टार-४ वर त्याशिवाय स्वतःचा वेगळा बदल असतो. आता एखाद्या तपासणीत फक्त स्टार-१० चीच जागा बघितली तर? माणसाकडे खरं तर स्टार-१ आणि स्टार-४ आहे, गुण १, म्हणजे मधला. पण रिपोर्ट येईल स्टार-१ आणि स्टार-१०, गुण १.२५, म्हणजे नॉर्मल. मशीन बरोबर, वाचलेलं अक्षर बरोबर, आणि निष्कर्ष चूक.

याहून मोठी गोष्ट म्हणजे, यादीतला कोणताच बदल सापडला नाही तर रिपोर्टमध्ये सहसा स्टार-१ लिहिलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, तपासलं आणि सगळं ठीक निघालं. त्याचा खरा अर्थ एवढाच, की आम्ही जे शोधत होतो ते सापडलं नाही. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी केलेली चूक

प्रोजेक्टसाठी मी एनए१२८७८ हा नमुना घेतला. जीनोमच्या क्षेत्रात हा फार प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका स्त्रीचा हा डीएनए, आणि त्याचा डेटा सगळ्यांना खुला आहे. शिवाय अमेरिकेच्या सीडीसी संस्थेच्या एका उपक्रमात बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून अशा नमुन्यांची खरी उत्तरं ठरवलेली आहेत. म्हणजे उत्तरपत्रिका तपासायची सोय.

पूर्ण फाइल खूप मोठी. होस्टेलचं इंटरनेट कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून मी हुशारी केली आणि फक्त डी-सहाच्या जागेचे रीड कापून घेतले. ऑल्डीला दिले, आणि उत्तर काही धड येईना. दोन रात्री मी प्रोग्रॅमला शिव्या दिल्या. मग डोक्यात प्रकाश पडला. प्रती मोजायच्या तर तुलनेला अशी एक जागा लागते, जिथे प्रती दोनच असल्याचं माहीत आहे. तिथे ३० रीड असतील तर एका प्रतीला १५. मी ती जागाच कापून फेकली होती! रिकाम्या ट्रॉलीचं वजन न करता भरलेल्या ट्रॉलीवरून उसाचं वजन सांगायला बसले होते. डी-सात आणि आजूबाजूचा भाग घेऊन पुन्हा चालवलं आणि उत्तर आलं: एका बाजूला स्टार-३, दुसऱ्या बाजूला स्टार-६८ आणि स्टार-४ जोडीने. अधिकृत उत्तराशी जुळलं.

मग मी जागेप्रमाणे रीडचा ग्राफ काढला. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात तीन प्रतींइतकी गर्दी, पुढे दोनच प्रतींइतकी. ते हायब्रिड डोळ्यांना दिसत होतं. तीनही प्रतींचे गुण ०, म्हणजे ही स्त्री पुअर मेटाबोलायझर. साध्या प्रोग्रॅमने हायब्रिड न ओळखता स्टार-३ आणि स्टार-४ एवढंच सांगितलं असतं तरी बेरीज शून्यच आली असती. पण हायब्रिड नेहमीच असं निरुपद्रवी असेल असं धरून चालत नाही. ज्युनियर्सना माझा एकच सल्ला: उत्तराच्या आधी हा ग्राफ बघा.

यादीत आपण आहोत का?

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. हे सगळे प्रोग्रॅम माहीत असलेल्या स्टारच्या यादीतून उत्तर शोधतात. ती यादी बनली ती ज्यांचा अभ्यास आधी झाला त्यांच्यावरून, म्हणजे बऱ्याच अंशी युरोप-अमेरिकेतल्या लोकांवरून. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'वन थाउजंड जीनोम्स' प्रकल्पात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत. ह्यूस्टनमधले गुजराती, इंग्लंडमधले तेलुगू, इंग्लंडमधले श्रीलंकन तमिळ, लाहोरचे पंजाबी आणि बांगलादेशातले बंगाली. मराठी गट त्यात नाही. इतकंच काय, या पाचातला एकही गट भारतात गोळा केलेला नाही.

आता चित्र बदलतंय. सीएसआयआरच्या इंडिजेन प्रकल्पात हजारावर भारतीयांचे पूर्ण जीनोम वाचले गेले, त्याची घोषणा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली. त्यानंतर जीनोमइंडिया हा मोठा प्रकल्प जानेवारी २०२० मध्ये सुरू झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र त्यात पुढे होतं आणि देशभरातल्या २० संस्था सहभागी होत्या, त्यात आपल्या पुण्याची आयसरही आहे. ८३ समाजगटांतल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम वाचले गेले. हा डेटा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी जाहीर झाला आणि तो फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवला आहे.

पण डेटा जमा झाला म्हणजे काम झालं असं नाही. त्यातलं डी-सहासारखं जनुक सोडवायला प्रती मोजणारा, हायब्रिड ओळखणारा आणि नवा स्टार दिसला तर "हा माझ्या यादीत नाही" असं प्रामाणिकपणे सांगणारा प्रोग्रॅम लागतो. तो बायॉलॉजीवाले एकटे लिहिणार नाहीत, तिथे आपली गरज आहे. लांब रीड देणारी नवी मशीन्स आता आली आहेत. हजारो अक्षरं सलग वाचल्यामुळे तुकडा कोणत्या भावाचा ते बऱ्याचदा सरळ कळतं. पण साठलेला बराचसा डेटा छोट्या रीडचा आहे, तो टाकून देता येणार नाही.

मग आबांना काय सांगितलं?

दिवाळीला घरी गेले तेव्हा आबांनी विचारलंच, "काय निघालं मग?"

मी खरं ते सांगितलं. "आबा, तुमच्या अंगात ती गोळी मोडणारं एन्झाइम कमी असू शकतं. सख्खे भाऊ असलात तरी आईवडिलांच्या दोन-दोन प्रतींतली कोणती कुणाला येईल ते नशीब. नानांना चांगल्या आल्या असतील, तुम्हाला मंद. पण तपासल्याशिवाय मला नक्की सांगता येत नाही."

कारण दुसरी कारणंही असू शकतात. वय, हृदयाची स्वतःची लय, बरोबरची दुसरी औषधं. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही नैराश्याची औषधं डी-सहालाच अडवतात. जनुक उत्तम असलं तरी अशा गोळ्या चालू असताना माणूस पुअर मेटाबोलायझरसारखा वागतो. म्हणून जनुकाचा रिपोर्ट हा एक पुरावा आहे, निकाल नाही. सीपिक या आंतरराष्ट्रीय गटाने २०२४ साली मेटोप्रोलॉलबद्दल मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पुअर मेटाबोलायझरला कमीत कमी डोसने सुरुवात करावी आणि नाडीवर लक्ष ठेवावं, असं त्या सांगतात. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट नसताना, नुसती नाडी बघून जे केलं ते याच दिशेचं होतं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या मनाचा खेळ न्हवता तर." तेव्हा मला कळलं, की त्यांना एवढंच हवं होतं. नानांना काही होत नाही आणि यांनाच होतं, म्हणजे आबा उगाच घाबरतात, असं घरात सगळे म्हणायचे. मीही एकदा म्हणाले होते.

त्या दिवशी मी त्यांच्या औषधांच्या डब्यात एक कार्ड ठेवलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम, नाडी ४२, चक्कर, डोस कमी केला, गोळी बदलली. खाली तारीख. पुढे कोणत्याही दवाखान्यात गेले तरी हे कार्ड आधी दाखवायचं. जीनोम वाचायला पैसे लागतात, कार्डाला काही लागत नाही. तुम्हीही तुमच्या घरच्यांसाठी एवढं करा. मात्र हा लेख वाचून कुणाची गोळी स्वतःहून बंद करू नका, ते काम डॉक्टरांचं.

आणि ज्यांना पुढच्या वर्षी मिनी प्रोजेक्टचा विषय हवा आहे त्यांच्यासाठी: लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम आणि अटेंडन्स सिस्टीम पुष्कळ झाल्या. ऑल्डीचा कोड शिक्षणासाठी मोफत मिळतो, नमुन्यांचा डेटा खुला आहे, खरी उत्तरं छापलेली आहेत. ऑपरेशन्स रिसर्चची वही रद्दीत टाकली नसेल तर काढा. माझा ग्राफ काढायचा प्रोग्रॅम हवा असेल तर कॉम्प्युटर लॅबमध्ये येऊन मागा. फक्त एक लक्षात ठेवा, रीड कापून घेताना शेजारचा भाऊ बरोबर घ्या.